दुसऱ्या अंकातली थप्पड

दुसऱ्या अंकात बाप मुलीच्या थोबाडीत मारतो. तालमींत मुकुंदरावांचा हात योगिनीच्या गालाला नुसता टेकायचा. पहिल्या प्रयोगात मात्र तो जोरात बसला. प्रेक्षक दचकले आणि मग टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी योगिनीला सांगितलं की पडद्याला बारीक छिद्र पडलंय. भरून येईल, पण पुन्हा तिथंच लागलं तर काही सांगता येणार नाही.

योगिनीचं पोट कानावर होतं. तेलुगू मालिकांचं मराठी डबिंग ती करायची आणि दिवसभर हेडफोन लावून बसायची.

पुढच्या प्रयोगाच्या तालमीसाठी मंडळी गौलीगुडा या वस्तीतल्या शाळेच्या हॉलमध्ये जमली, तेव्हा तिने दिग्दर्शक अजयला स्वच्छ सांगितलं. कुणी कुणाला खरं मारायचं नाही आणि रंगमंचावर इजा झाली तर उपचारांचा खर्च नाट्यसंस्थेने करायचा. हे करारात लिहायचं.

"करार?" अजय हसला. "आपण काय कंपनी आहोत? घरच्यासारखी माणसं आपण."

"घरच्या माणसांच्या कामाची तू तिकिटं विकतोस? प्रत्येक प्रयोगाला त्यांना नाइटचे पैसे देतोस?"

अजयने मुकुंदरावांकडे पाहिलं. मुकुंदराव वकील. कारखान्यात हात-पाय गमावलेल्या कामगारांच्या भरपाईचे दावे लढवण्यात त्यांची हयात गेली होती.

"रंगभूमीवर कसला मालक आणि कसला कामगार," ते म्हणाले. "नट हा नट असतो, योगिनी."

"काका, तिकिटाच्या खिडकीवर आपण व्यावसायिक, आणि कुणाला लागलं की हौशी. हे तुम्ही कोर्टात चालू दिलं असतं?"

अजय चिडला. "हे बघ, जमत नसेल तर सांग. मेघनाला सगळे संवाद पाठ आहेत."

मेघना कोपऱ्यात बसून संहिता वाचत होती. तिची प्रत रोमन लिपीत होती. मराठी बोलायला फर्डी असली तरी वाचताना ती अडखळायची.

"मला नक्को ओढू यात, दादा," ती म्हणाली. "माझ्या दातांना तार आहे. काकांचा हात बसला तर तार तुझ्या लायटिंगला वापरावी लागेल."

सगळे हसले, अजयसुद्धा. शेवटी त्याने एक तोड काढली. आज जुन्या पद्धतीने करून बघू. हात गालापासून वीतभर लांबून जाईल आणि पाठमोरी योगिनी छातीशी धरलेल्या हातांनी टाळी वाजवेल. प्रसंग पडला, तर मात्र भूमिका मेघनाची.

तालीम सुरू झाली. मुकुंदरावांचा हात लांबून गेला. टाळी खणखणीत वाजली. पुढचं वाक्य बापाचं होतं.

"मस्त पॉज, काका!" अजय खालून ओरडला.

पॉज लांबतच गेला. मुकुंदराव योगिनीकडे बघत होते, पण ते डोळे बापाचे नव्हते.

"टाळी उशिरा पडते," ते म्हणाले. "परत घेऊ."

परत घेतलं. टाळी अगदी वेळेवर पडली आणि मुकुंदराव पुन्हा तसेच उभे राहिले. अजयने वहीत काहीतरी खरडलं आणि चहा सांगितला.

योगिनी कप घेऊन त्यांच्याशेजारी बसली. "कधीपासून होतंय, काका?"

त्यांनी आधी आसपास कोण आहे ते पाहिलं. "दिवाळीपासून. हाताला काही लागलं की वाक्य येतं. नाही लागलं तर समोर नुसती भिंत. त्या दिवशी प्रयोगात पुढचं वाक्य आठवेना म्हणून हात जड पडला. इतका जोर लागला, ते मला नंतर कळलं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर अजयने दुसरा बाप शोधला असता."

"आणि मी बोलले म्हणून तो दुसरी मुलगी शोधतोय," योगिनी म्हणाली. "मला वाईट वाटतं, काका. पण कान माझा आहे."

"हो," मुकुंदराव म्हणाले. "तुझाच आहे."

तिसऱ्या वेळी त्यांचा हात उठला तेव्हा तिने टाळी वाजवली नाही. वरच्या वर त्यांचं मनगट पकडलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"सोड," मुकुंदरावांच्या तोंडून लगेच वाक्य आलं, "आणि जायचं तर जा. या घराला आता मुलगी नाही." पुढचा सगळा उतारा न अडखळता आला. योगिनीने प्रसंग संपेपर्यंत मनगट सोडलं नाही.

"अय्यो," मेघना म्हणाली, "हे तर मारण्यापेक्षा भारी दिसतंय."

अजयलाही तसंच वाटलं होतं. तो उड्या मारतच वर आला. "पक्कं! हेच ठेवू. बघ, मिटलं की नाही? आता कशाला तो करार?"

"आज मी मनगट धरलं," योगिनी म्हणाली. "उद्या माझ्या जागी दुसरी कुणी असेल, दुसरं नाटक असेल. मला लिहून पाहिजे."

"काका, तुम्हीच समजवा हिला."

मुकुंदरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर लावला. "कागद आण," ते म्हणाले. "तुझी वही नको, कोरा कागद आण."

अजय बघतच राहिला. मेघनाने बॅगेतून कागद काढून दिला. मुकुंदराव सावकाश लिहू लागले. नटाच्या लेखी संमतीशिवाय त्याच्यावर प्रत्यक्ष आघात होणार नाही. तालमीत वा प्रयोगात इजा झाल्यास उपचाराची जबाबदारी संस्थेची राहील. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि योगिनीला विचारलं, "यात आणखी काही?"

"नाही. एवढंच."

"मग एक कलम माझं." खाली नवा आकडा घालत ते म्हणाले, "प्रत्येक प्रयोगाला विंगेत वाक्यं सुचवायला प्रॉम्प्टर असेल."

"प्रॉम्प्टर?" अजय म्हणाला. "कुणासाठी?"

"ते कलमात लिहायची गरज नसते," मुकुंदराव म्हणाले आणि पेन त्याच्या हातात दिलं.