उद्घाटनाची पेनल्टी

तासगावच्या कॉलेजचा फुटबॉल संघ यंदा एकही गोल न करता शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला होता. एवढं सातत्य कॉलेजच्या दुसऱ्या कुठल्याच विभागात नव्हतं. शिरवळला हरले तेव्हा मैदान उताराचं होतं, लोणंदला वारा उलटा होता. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या तसा उतार आणि वाराही आपल्या बाजूनं झाला होता, याची आठवण क्रीडाशिक्षक धैर्यशील सरांना कुणी करून दिली नाही. सर मूळचे कबड्डीचे. निम्मे गडी त्यांनी तिकडूनच आणले होते आणि ते अजूनही चेंडू सोडून चेंडूवाल्याला धरत.

अमृत तेवढा फुटबॉलचा. गोल करणं हे त्याचं काम, आणि कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. आटपाडीकडच्या त्याच्या घरी दर रविवारी फोनवर एकच चौकशी व्हायची, गोल झाला का. शेवटी मेंढरं धाकट्या भावावर सोपवून वडील हरिबा स्वतःच एसटीनं आले आणि बांधावर बसावं तसे मैदानाच्या कडेला बसले. जिंकण्याची आशा अमृतनं केव्हाच सोडली होती. त्याला एकच गोल हवा होता, वडिलांच्या डोळ्यांदेखत.

कॉलेजच्याच मैदानावरच्या या सामन्याचे उद्घाटक होते संस्थेचे उपाध्यक्ष लालासाहेब. ते वेळेवर आले नाहीत म्हणून पंचांनी सामना सुरू केला. पंच कोल्हापूरचे, त्यांना उद्घाटनाचं महत्त्व माहीत नव्हतं. सांगलीचा संघ तीन गोलांनी पुढे गेला. सामना संपत आला असताना सांगलीच्या एका गड्यानं अमृतला गोलाच्या तोंडाशी पाडलं आणि पेनल्टी मिळाली. अमृतनं चेंडू नीट ठेवला, चार पावलं मागं आला, आणि फाटकातून लालासाहेबांची गाडी आत शिरली.

सरांना क्षणात सगळं जुळलेलं दिसलं. चेंडू ठेवलेला, समोर गोलकीपर सोडून कुणी नाही, साहेब हजर. त्यांनी अमृतला हातानं बाजूला केलं आणि साहेबांना उद्घाटनाची विनंती केली. साहेबांनी कोल्हापुरी चप्पल सावरत चेंडूला पाय लावला. सांगलीच्या गोलकीपरची बहीण साहेबांच्याच संस्थेत शिक्षणसेवक होती, कायम व्हायची बाकी होती. त्यानं अदबीनं उलट्या बाजूला उडी घेतली. चेंडू हळूहळू चालत आत गेला. टाळ्या पडल्या, फटाके वाजले.

पंचांनी थंडपणे सांगितलं की बाहेरच्या माणसाचा गोल धरता येत नाही, पेनल्टी खेळाडूनंच मारायची.

सर अमृतच्या कानाशी लागले. "बाहेर मार. तुझा गेला तर साहेबांचा कोण मोजणार?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अमृतनं सरांचं ऐकायचं नाही असं ठरवलं, आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून थेट गोलाकडे मारला. चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून गेला, कुंपणावरून गेला आणि पलीकडच्या द्राक्षबागेत पडला.

सरांनी त्याला मिठीच मारली. "शहाणा आहेस."

"सर, मी गोलातच मारला होता."

"असू दे. बाहेर बोलू नकोस."

समारोपात खिलाडूवृत्तीबद्दल अमृतचा सत्कार झाला. मंडपात हरिबा शेजारच्या माणसाला सांगत होते, त्यो माझा पोरगा. लालासाहेबांनी अमृतला शाल पांघरवली, नारळ दिला आणि फोटोसाठी जवळ ओढून ते प्रेमानं म्हणाले, "जोरात मारायचा नसतो रं. माझा बघितलास न्हवं?"

"व्हय साहेब," अमृत म्हणाला, आणि फोटोवाल्यानं सांगितलं तसा हसला.