दिव्यावरचं कुंकू

उन्नती, तू नऊ महिन्यांची होतीस. दसऱ्याला पंधरा दिवस झाले होते. पडघ्याच्या आतल्या गावी, माझ्या माहेरी, तुला ताप भरला, आणि रात्री आठच्या सुमाराला तुझे डोळे वर गेले. हातपाय लाकडासारखे ताठ. पडघ्याच्या डॉक्टरांनी कसाबसा झटका थांबवला. म्हणाले, "पुन्हा आला तर माझ्याकडे काही नाही. भिवंडीला न्या. आत्ता."

व्हॅन घरचीच. तुझे बाबा तिच्यातून दिवसभर लूमवरचे कापडाचे तागे वाहायचे. मी त्यांच्या शेजारी बसले. तू मांडीवर, तुझ्या कपाळावर फडक्याची ओली घडी. हायवेला लागलो आणि रस्ताच दिसेना. आमचा उजेड चार हातांवर मरत होता.

"अहो, दिवे लावलेत ना?"

"अप्पर मारलाय! बल्ब उतरला असेल. बघू दे मला."

समोरून ट्रक आला की डोळे दिपायचे. तो गेला की नुसता काळोख.

"त्याच्याकडं बघू नका. डावीकडची पांढरी पट्टी बघा."

"दिसली तर बघेन ना!"

"मग हळू चला."

"हळू? पोरीकडं बघ आधी."

तुझे ओठ काळे पडायला लागले होते.

तेवढ्यात त्यांनी ब्रेक दाबला. व्हॅन किंचाळत थांबली. समोर काहीतरी उभं होतं, बिनदिव्याचं. मी तुला घेऊन उतरले, आणि पहिल्यांदा आमचेच दिवे समोरून पाहिले.

दोन्ही काचांवर माझे स्वस्तिक. आक्का, तुझी आजी, दसऱ्याला म्हणाली होती, "जाड काढ गं, दिवाळीपर्यंत टिकला पायजे. आन् पुसायचा न्हाय हां." मी कुंकू तेलात कालवून अख्खी काच भरून काढले होते. किती मन लावून! त्या तेलावर पंधरा दिवस लूमचा कापूस बसत गेला. गोधडीच झाली होती काचेवर. व्हॅन धुताना आम्ही दोघं तेवढं सांभाळून धूत होतो.

"हिला धरा."

"अगं, आक्का काय म्हणेल..."

"आक्काला मी सांगेन. धरा!"

तुझ्या कपाळावरची घडी काढली आणि काच घासली. तेल हटेना. नखांनी खरवडलं, बांगडीनं खरवडलं, ओढणीनं पुसलं. देवा, राग धर, पण माझ्यावर धर, हिच्यावर नको.

उजेड पडला. पंक्चर होऊन उभा ट्रक, आणि त्याच्या मागून बाहेर आलेल्या लोखंडी सळया, मी बसले होते त्या बाजूच्या पुढच्या काचेपासून हातभर.

तुझ्या बाबांनी तुला परत माझ्याकडं दिलं. दुसरी काच त्यांनी शर्टानं पुसली.

पुढं ते बेतानं चालवत गेले आणि मी मोठ्यानं सांगत गेले. "पट्टी... पट्टी... सायकलवाला... पट्टी..." घडी तेलात माखली होती. मग मी माझा तळवाच बाटलीतल्या पाण्यानं भिजवून तुझ्या कपाळावर ठेवत होते. तू हलत नव्हतीस. मी पट्टी म्हणायची थांबले तर तूही थांबशील, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

दवाखान्यात नर्सनं तुला ओढूनच घेतलं. "डोक्याला लागलंय का? रक्त आहे केवढं!"

तुझ्या कपाळावर माझी पाचही बोटं लाल उमटली होती.

"कुंकू आहे," मी म्हणाले. "पुसा. पुसलं तरी चालेल."

तिनं पुसलं, सुई टोचली, आणि तू रडलीस.