पट्टी पुसलेला फोटो

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास हिमांशुने मोबाइलवर स्टेटस ठेवलं: वडिलांची मोटरसायकल, मागची सीट कापलेली, साडीगार्ड काढलेला, टाकी नारिंगी. खरी गाडी त्या वेळी कुडव्यात घरासमोर उभी होती, होती तशीच काळी.

फोटो हिमांशुच्या मित्राने, संघदीपने बनवला होता. त्याचं स्टिकरचं दुकान. गाडीला हात लावण्याआधी ती कशी दिसेल हे तो गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर दाखवतो आणि अशा प्रत्येक फोटोवर 'नमुना' अशी आडवी पट्टी टाकतो. पट्टीने टाकी झाकली जाते म्हणून हिमांशुने ती पुसायला लावली. एखादा खरं समजन बे, असं संघदीप कुरकुरला होता.

खरं समजले ते हिमांशुचे वडीलच. ईश्वरदास ट्रक घेऊन रायपूरकडे निघाले होते आणि कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबले होते. निघताना त्यांनी पहिल्यांदाच गाडीची किल्ली पोराच्या हाती दिली होती. जशी आहे तशी ठेव, एवढंच बजावलं होतं.

त्यांचा फोन आला. "तुही माय आता कुठं बसन?"

फोटो संघदीपने बनवलेला नुसता नमुना आहे, असं हिमांशुने सांगून पाहिलं. मग अंगणात धावत जाऊन गाडीचा ताजा फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने वडिलांचा रेकॉर्ड केलेला निरोप आला, "हाही संघदीपनंच बनवला असन." त्यानंतर ते फोन उचलेनात. व्हिडिओ कॉलही नाही.

हिमांशुची आई गंगाबाई भाजी निवडत सगळं ऐकत होती. सीट खरोखर कापली असती तं तुले येवढा घाम नसता आला, म्हणाली. मग हात पुसले, पदर खोचला आणि गाडीवर मागे जाऊन बसली. डोळ्यानं पाहिल्याशिवाय ते मानायचे नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

हिमांशुने गाडी कोहमाऱ्याच्या दिशेने काढली. गोरेगाव मागे पडल्यावर तिने विचारलं, नारिंगी रंग तुले खरंच आवडते का. हिमांशुला नाही म्हणता आलं नाही.

ढाब्यावर कळलं, ट्रक देवरीकडे निघून गेला होता. अर्धा चहा तसाच टाकून.

गंगाबाईने स्वतःच्या फोनवरून नवऱ्याला लावला. पहिल्यांदा नुसताच वाजला. दुसऱ्यांदा उचलला गेला. नुसती इंजिनाची घरघर ऐकू आली.

"मी गाडीवर बसून आली," ती म्हणाली. "कोहमाऱ्याले उभी हाओ."

घरघर चालूच राहिली. फोन त्यांनी अजून ठेवला नव्हता.