वेळेआधीची अजान

रमझानच्या महिन्यात संध्याकाळची अजान कोणी लावायची, याचा 'सुकून' चॅनलमध्ये एक रिवाज होता: ज्याचा रोजा नाही त्याने. साधा हिशोब. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस त्या वेळी घड्याळाकडे बघणार की ताटातल्या खजुराकडे? त्याला सुखाने रोजा सोडू दे, बटण दुसऱ्याने दाबावं. आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात कॅमेऱ्यावरचा नंदू सोडला तर बिनरोज्याचं माणूस एकच होतं, अनुपमा घाडी.

चॅनल इंग्रजीतलं, पण मुसलमान प्रेक्षकांसाठी. उर्दू कानावर पडते पण धड वाचता येत नाही अशी कॉन्व्हेंटमधली पोरं, डॉक्टर, कंप्युटरवाले, मिरा रोडपासून कुर्ल्यापर्यंतची घरं. प्रोग्रॅम सगळे सॅटेलाइटवरून जायचे, आणि ते सोडणारी कळ अनुपमाच्या टेबलावर. आता तिला इंग्रजी किती यायचं म्हणाल, तर कामापुरतं. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकलेली, गिरणी कामगाराची पोरगी. आई रोज डबा भरताना म्हणायची, "गो बाय, तुका दुसरो खंयचो चॅनल गावाक नाय?" अनुपमा म्हणायची, "आये, तिथं मला कोणी टोचून बोलत नाही. बास ना?"

आणि ते खरंच होतं हो. चॅनलचे मालक मुश्ताक पर्कार दाभोळकडचे. कोकणातला माणूस, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलणार. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. आपल्या केबिनमध्ये टीव्ही लावून बसायचे, अनुपमाने अजान लावली की खजूर तोंडात टाकायचे. घड्याळ बघायचे नाहीत. मुंबईतल्या किती घरांत असंच चालत असेल, याचा अनुपमाने कधी विचार केला नव्हता. तो विचार करायची वेळ त्या दिवशी आली.

झालं असं. दुपारी मुख्य मशीनने मान टाकली. अनुपमाने सगळं दुसऱ्या, जुन्या मशीनवर घेतलं. त्या मशीनवर जोडण्या उलट्या होत्या. रोजच्या मशीनवर डावी कळ म्हणजे चाचणी, फक्त हिच्या हेडफोनात ऐकू येणार, आणि उजवी कळ म्हणजे थेट लोकांच्या घरात. जुन्या मशीनवर डावीच कळ हवेवर. हे तिला माहीत होतं! तिनेच तर वायरी लावल्या होत्या. पण डोक्याला माहीत असून काय उपयोग, बोटांना कोण सांगणार?

सूर्य मावळायला चारेक मिनिटं होती. स्टुडिओत सना तुंगेकर कॅमेऱ्यासमोर बसून दुवा म्हणत होती. पुढ्यात खजुराची बशी आणि पाण्याचा ग्लास. सना म्हणजे चॅनलचा चेहरा. ती खाते तेव्हा घरोघरचे लोक खातात. दुवा संपली, पडद्यावर मावळतीच्या आभाळाचं चित्र आलं. अनुपमाने रोजच्यासारखी अजानची फाइल तपासायला घेतली. आवाज नीट आहे ना, मध्ये खरखर नाही ना, एवढंच बघायचं. डावी कळ दाबली.

हेडफोनात काहीच नाही.

"हे काय आता?" असं पुटपुटत तिने आवाज वाढवला. आणखी वाढवला. हेडफोनची पिन काढून परत खोचली. तेवढ्यात तिची नजर वरच्या टीव्हीकडे गेली. लोकांना घरी चॅनल जसं दिसतं तसंच तिथे दिसायचं. त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'मुंबई, इफ्तारची वेळ'. आणि बारीक आवाजात अजान चालू होती. दुसरी ओळ संपून तिसरी लागली होती.

तिने कळ उचलली, अजान तुटली, पडद्यावर परत सना. सनाच्या हातात खजूर होता, ओठांपाशी नेलेला.

"सना, खाऊ नको!" अनुपमा माइकमध्ये ओरडली. सनाच्या कानातल्या यंत्रात ते गेलं. "वेळ नाही झाली गं! चुकून लागली! खाली ठेव!"

सनाचा हात हवेतच थांबला. ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. अख्खी मुंबई बघतेय आणि ही हातात खजूर घेऊन पुतळा झालीय. काय बोलणार बिचारी? अनुपमाने घाईघाईने पुन्हा आभाळाचं चित्र टाकलं, बिनआवाजाचं. वाट लागली, वाट लागली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दार ढकलून चाचा आत आले. धावत आले असावेत, डोक्यावरची टोपी वाकडी झाली होती.

"काय झालं?"

"चाचा, माझी चूक. जुन्या मशीनवर... मी तपासायला गेले आणि हवेवर गेली."

"किती वेळ आहे अजून?"

"तीन मिनिटं. थोडी जास्तच."

चाचांनी एक श्वास घेतला. मग अगदी शांत आवाजात म्हणाले, "ठीक. काही बोलायचं नाही. तांत्रिक बिघाड अशी पट्टी टाक. वेळ झाली की पहिल्यापासून लाव. कुणाला काही कळणार नाही."

"लोक खातायत, चाचा! आत्ता खातायत!"

"ऐक माझं, पोरी." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "आपण चूक सांगितली की पहिला प्रश्न काय येणार ठाऊक आहे? बटणावर कोण होतं? मग तुझं नाव निघणार. अनुपमा घाडी. आमच्यातले काही म्हणतील, मुद्दाम केलं. तुमच्यातले काही म्हणतील, शाब्बास. मला दोन्ही ऐकायचं नाही. आणि तुला तर ऐकूच द्यायचं नाही."

खोटं काय होतं त्यात? दिवसच तसे आहेत. उद्या चारकोपच्या नाक्यावर तिचा फोटो मोबाइलमोबाइलमध्ये फिरेल. आई दारात उभी राहून लोकांना काय उत्तर देईल? गप्प बसावं, असं तिला मनापासून वाटलं. कोण वाईट म्हणेल? मालकच सांगतोय.

तेवढ्यात तिचं लक्ष चाचांच्या डाव्या हाताकडे गेलं. त्यांनी रुमाल गच्च मुठीत धरला होता, त्यातून खजुराची बी डोकावत होती.

"तुम्ही खाल्लात?" तिने विचारलं.

चाचांनी मूठ पाठीमागे नेली.

"चाचा, तुम्ही खाल्लात?"

"अर्धा गिळला. कळल्यावर बाकीचा थुंकलो."

"म्हणजे तुमचा रोजा गेला?"

"ईदनंतर एक जादा धरीन. त्याचं एवढं काय? चुकीने झालं. खुदाला कळतं."

"तुम्हाला कळलं म्हणून तुम्ही धराल," अनुपमा म्हणाली. "ज्यांना कळणारच नाही ते कसे धरतील? सबंध दिवस उपाशी राहिले माझ्या भरवशावर. त्यांना वाटेल रोजा झाला. तो झालेला नसेल, आणि ते फक्त आपल्या दोघांना माहीत असेल. मला नाही झोप लागायची, चाचा."

चाचांनी खुर्चीची पाठ सोडली. वेळ तर पळत होता. कोणी अजून घास हातात घेऊन बसलं असेल, त्याला आत्ता थांबवता येईल. अनुपमाने सनाला सांगून बघायचा विचार केला, पण सनाने का म्हणून हिची चूक आपल्या तोंडाने सांगायची? तिने स्वतःचाच माइक हवेवर जोडला. या वेळी कळ दोनदा बघून घेतली.

"प्लीज, डोन्ट ईट," ती म्हणाली. आपलाच आवाज वरच्या टीव्हीतून आलेला ऐकून तिला घाम फुटला. "धिस अजान वॉज राँग. टाइम इज नॉट कम. इट इज माय मिस्टेक, नॉट चॅनल मिस्टेक. माय नेम इज अनुपमा. हू हॅज ईटन, सॉरी. प्लीज स्टॉप." आणि मग इंग्रजी संपलं, तर तेच हिंदीत सांगितलं, आणि एकदा चुकून मराठीतही.

माइक बंद केला तोच टेबलावरचा फोन वाजायला लागला. तिने उचलला. एक पुरुष, चांगलं सफाईदार इंग्रजी. माझी मुलगी आज पहिल्यांदा रोजा धरून बसली होती, म्हणाला, तिने खाल्लं, आता ती रडतेय, तुम्ही लोक चॅनल चालवता की खेळ करता? अनुपमा सॉरी सॉरी म्हणत राहिली.

"अनुपमा काय?" त्याने विचारलं. "पूर्ण नाव?"

"अनुपमा घाडी."

मग तो मराठीत म्हणाला, "समजलं." आणि फोन ठेवला.

काय समजलं? ते विचारायला तो थांबला नाही. फोन परत वाजला. चाचांनी हात पुढे करून रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. गेली नोकरी, अनुपमाने मनात म्हटलं, आणि नोकरीचं जाऊ दे, या माणसाने माझ्यासाठी आडोसा धरला होता आणि मी तो त्याच्याच हातातून खेचून काढला.

वेळ झाली. मशिदीच्या छापील वेळापत्रकात बघितलं, मोबाइलमध्ये बघितलं, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. तरी आणखी थोडं थांबली. मग कळ दाबली. पाटी आली. अजान लागली, स्वच्छ, पहिल्यापासून.

काचेपलीकडे सना बसली होती. तिने खजूर उचलला. आणि खाल्लाच नाही.

ती काचेतून अनुपमाकडे बघत होती. रोज हसून बघायची, आज तशी नाही. खरंच ना? की परत? हे डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. अनुपमाने मान हलवली, हो गं, झाली वेळ. सना हलली नाही. कॅमेऱ्यावरचा नंदू, दिव्यांवरचा रईस, सगळे हातात खजूर धरून एकमेकांची तोंडं बघत होते. बंद स्टुडिओ, बाहेरच्या मशिदीचा आवाज आत येणार कसा? अजान संपत आली. ती संपली की सना पडद्यावर येणार, आणि सनाच खात नाही म्हटल्यावर घरोघर कोण खाणार? मगरीब, म्हणजे सूर्यास्ताची वेळ, झाल्यावर रोजा सोडायला ताटकळत राहायचं नसतं, हे एव्हाना अनुपमालाही पाठ होतं. पण सांगणार कोण? हिच्या सांगण्याला आता कवडीची किंमत नव्हती. इतकी वर्षं लोकांनी तिच्या बोटावर विश्वास ठेवला होता, आणि तो गेला.

"सना, खा ना गं," ती माइकमध्ये म्हणाली. तिला स्वतःलाच तो आवाज भिकाऱ्यासारखा वाटला.

अजान संपली. पडद्यावर सना आली, हातात खजूर धरून.

अनुपमाने वळून खिडकीकडे बघितलं. तिथे चाचा नव्हते.

स्टुडिओच्या दारावर लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नाही, हा नियम चाचांनीच केलेला. ते जड दार उघडलं आणि चाचा आत शिरले. वाकडी टोपी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हा माणूस जन्मात कधी आपल्या चॅनलवर दिसला नव्हता, लाजायचा. ते सरळ सनाशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यांच्या कोकणी वळणाच्या इंग्रजीत बोलले. मी मुश्ताक पर्कार, हे चॅनल माझं. मघाशी चुकीच्या अजानवर मीही खाल्लं, माझा रोजा गेला, तो मी ईदनंतर धरीन, तुमचा गेला असेल तर तुम्हीही धरा. चूक झाली ती त्या मुलीने तुम्हाला सांगितली. मी लपवायला सांगितलं होतं. आत्ताची अजान तिनेच लावलीय. मी घड्याळ बघितलेलं नाही.

एवढं बोलून त्यांनी बशीतला खजूर उचलला, बिस्मिल्ला म्हणाले आणि तोंडात टाकला.

सनाने खाल्लं. तिच्या मागे रईसने खाल्लं, ग्लास तोंडाला लावला.

"ए, काय करू?" नंदूचा आवाज कानात आला. "कॅमेरा फक्त सनावर घेऊ? चाचा मधेच बसलेत यार."

अनुपमाला समोरचं काही दिसत नव्हतं. तिने बाहीने डोळे पुसले, पण ते परत भरले.

"राहू दे त्यांना," ती म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.