वडिलांचा व्यवसाय

श्यामलाबाईंच्या सदाशिव पेठेतल्या वधूवर केंद्रात माझा अर्ज बाबांनीच भरला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, समाजवादी.

“अहो, हा काय व्यवसाय झाला?” श्यामलाबाई म्हणाल्या.

“पोस्टातून निवृत्त झालो. यातून अजून नाही.”

माझी मान खाली. पण शब्द डोक्यात बसला. लहानपणापासून घरात ऐकत आले, अर्थ मात्र कधी विचारला नव्हता. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये संतोषला विचारलं. “कॉम्प्युटरला विरोध करायचे ना, ते,” तो म्हणाला. घराशेजारचे काका म्हणाले, “निवडणुकीत पडतात ते.” आईनं भाजी चिरता चिरता सांगितलं, “ज्यांच्या घरी चहाचं पातेलं मोठं लागतं.” यातलं एकही उत्तर शब्दकोशात शोभलं नसतं, पण साफ चूक म्हणावं असंही एक नव्हतं.

मग श्यामलाबाईंनी चेतनचं स्थळ सुचवलं. दोनदा भेटलो आणि मला तो मनापासून आवडला. “त्याच्या आईला मोर्चेवाले चालत नाहीत हं,” त्या म्हणाल्या. अर्ज चेतनच्या घरी जाण्याआधी मी तो रकाना बदलला: निवृत्त पोस्ट कर्मचारी. खोटं काहीच नव्हतं. बाबांना सांगितलं, तर ते नुसतं “बरं” म्हणाले.

रविवारी सकाळी चेतन आईला घेऊन आला. पोहे झाले.

“निवृत्तीनंतर वेळ कसा जातो?” त्याच्या आईनं विचारलं.

“जातो,” बाबा म्हणाले.

तेवढ्यात दारात सरुबाई, नवऱ्याच्या पेन्शनचे कागद छातीशी धरून. अशा लोकांचे अर्ज बाबा गेली वीस वर्षं दर रविवारी फुकट लिहून देतात. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“सरुबाई, आज नको. उद्या या.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. बाबा माझ्या डोळ्यांदेखत, माझ्यासाठी निवृत्त होत होते.

“उद्या नाही, आत्ताच या,” मी म्हणाले आणि बाबांचा चष्मा आणून त्यांच्या हातात दिला. मग चेतनच्या आईकडे वळले. “अर्जात मी बदल केला होता. बाबा समाजवादी आहेत.”

“म्हणजे नेमकं काय गं?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मीही तेच शोधतेय. बसा, चहा टाकते.”

स्वयंपाकघरात आईनं मोठं पातेलं आधीच चढवलं होतं.