पायाळू सून

रोहिणी पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी आले होते, म्हणून तिने पाठीला पाय लावला की उसण पळते, असं सासरची अख्खी आळी मानायची. रोह्याजवळच्या त्या गावात लग्न होऊन आल्यापासून माणसं दारात ओणवी उभी राहायची, मग तिच्या कडेवर बाळ का असेना.

आज सासू बायजाबाईच पालथी पडून हटून बसली होती. वाल उपटताना पाठ धरली म्हणे. पण वाल घरात येऊन तीन आठवडे झाले होते. दुखणं आडवं पडलं की वाढायचं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं. आणि दोनच वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं.

"सगळ्या आळीला पाय लावतेस गो, माझ्याच पाठीला काय काटे हायत?"

सासरे बाबाजींचं म्हणणं, गाठ छातीत होती, काढली, पाठीचा संबंध काय? नवरा नितेश कंपनीतून फोनवर म्हणाला, शिफ्ट सुटली की बघू. दवाखान्यात न्या, हे सांगून सांगून रोहिणीचं डोकं उठलं. सकाळपासून सासूला लघवी उतरली नव्हती. ओटीवरून येताना एक चप्पल पायातून गळून मागे राहिली, तेही तिला कळलं नव्हतं.

"बरं, लावते," रोहिणी म्हणाली. पाठीकडे गेलीच नाही. टाचेने सासूच्या पायाचा अंगठा चांगला दाबून धरला आणि बाबाजींकडे पाहिलं.

"लाव ना मग," बायजाबाई करवादली, "कवाची वाट बघतेय."

बाबाजींनी फोन लावला.

ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलातून सांगितलं, कॅन्सर मणक्यात उतरून आतला मज्जारज्जू दाबत असेल. चालवू नका, पाठ चोळू नका, सपाट झोपवून आत्ताच आणा. अ‍ॅम्ब्युलन्स वाटेत पेणला रोहिणीच्या माहेरी क्षणभर थांबली, तिने बाळ आपल्या आईच्या हाती दिलं. तेवढ्यातही बायजाबाई पडल्या पडल्या कुरकुरली, विहिणीला कुणी चहा विचारला नाय. रोहिणीने कपाळाला हात लावला.

रात्रीच एमआरआय झाला, सूज उतरवायचं औषध सुरू झालं, मग रेडिएशनचा शेक. उद्यावर टाकलं असतं तर पाय कदाचित गेलेच असते, डॉक्टर म्हणाले. पूर्वीसारखी चालेल का, ते मात्र आत्ता सांगता येत नव्हतं.

आठव्या दिवशी रोहिणीने सासूच्या तळव्याला हात टेकवला. "आई, मारा लाथ."

बोटं जेमतेम हलली.

"लागली गो?"

"लागली. पण जरा जोरात, एवढ्याने माझी उसण जायची नाही."