मथुराबाईंच्या पर्सचे तीन सुटलेले टाके

सहकारनगरात राहणाऱ्या श्रीधररावांच्या गॅलरीत एकदा एक पर्स दुरुस्तीला आली होती. ती इतकी वाळलेली होती की पापड समजून शेजारच्या मांजराने तिला तोंड लावलं आणि एक दात गमावून बसलं. श्रीधररावांनी तिला आठ दिवस तेल पाजलं. नवव्या दिवशी ती अशी तुकतुकीत झाली की मालकीणबाई न्यायला आल्या तेव्हा त्यांनी तिला ओळखलं नाही, आणि श्रीधररावांच्या पत्नी सुनीतीबाई सांगतात की पर्सनेही त्यांना ओळख दाखवली नाही. कोणाला शंका असेल तर मांजर अजून आहे, त्याचा जबडा बघून यावा.

चिंचवडच्या एका कारखान्यात श्रीधररावांनी छत्तीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली. त्यांची रेघ इतकी सरळ असे की पट्टी वाकडी आहे की नाही हे लोक त्यांच्या रेघेला लावून पाहत. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात सुनीतीबाईंच्या पर्सचा पट्टा तुटला. तो घेऊन ते पद्मावतीच्या कोपऱ्यावर चपला-पर्स शिवत बसणाऱ्या सुखदेवकडे गेले आणि दुरुस्ती बघत तिथेच उकिडवे बसले. दुसऱ्या दिवशी परत गेले. सुखदेवने त्यांच्या हातात आरी दिली, चामड्याची एक पट्टी दिली आणि ती दोनशे वेळा उसवून शिवायला लावली. आजही दर दसऱ्याला आपट्याची पानं पहिल्यांदा सुखदेवच्या हातावर ठेवून मगच श्रीधरराव घरच्यांना सोनं देतात. सुनीतीबाईंना ते आवडतं, पण त्या तसं बोलून दाखवत नाहीत.

तर या श्रीधररावांकडे गेल्या श्रावणात एका शनिवारी खराडीहून विक्रम नावाचा गृहस्थ आला. कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर. त्याने डायनिंग टेबलावर एक तपकिरी पर्स ठेवली. तीस-पस्तीस वर्षांची, दोन कप्प्यांची, झाकणावर पितळी बक्कल. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस येत होता. पट्टा तुटायला आलाय, तो तेवढा शिवून आण, असं आईने सांगितलं होतं. पण विक्रम म्हणाला, "काका, नुसता पट्टा नको. एकदम ब्रँड न्यू करून टाका. सरप्राइज."

आईला दिसत नाही, हे त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसेल. श्रीधररावांनीही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारणं हा त्यांना डॉक्टरने पेशंटला औषध विचारण्यासारखा प्रकार वाटे. चामडं बघितलं की त्यांना सगळं कळतं अशी त्यांची समजूत होती, आणि काही दिवस ती समजूत टिकली.

पहिल्या चार दिवसांत त्यांनी पर्सचा नुसता कायापालट केला. झाकणावर उदबत्तीचा चटका बसून एक खळगा पडला होता, तो बुजवला. पुढच्या कप्प्याच्या कडेचे तीन टाके सुटले होते, ते घातले. पट्टा एका बाजूला ताणून लांबला होता, तो बदलून दोन्हीकडे मिलिमीटरला मिलिमीटर जुळवला. अस्तराला तळाशी भोक होतं आणि त्यातून पाच-दहाची नाणी आत घसरून बसली होती. ती काढून त्यांनी पाकिटात भरली आणि अस्तर नवं घातलं. शेवटी रंग. पर्स अशी झाली की गॅलरीच्या कठड्यावर बसणारं कबुतर तिच्यात स्वतःला बघून पंख सावरू लागलं.

बुधवारी विक्रम येऊन घेऊन गेला. पुढच्या सोमवारी त्याचा फोन आला. आवाजात अगदी मनापासूनची कृतज्ञता होती, आणि श्रीधरराव ऐकत ऐकत खुर्चीत खाली खाली जात होते.

हकिगत अशी होती. मथुराबाईंची, म्हणजे विक्रमच्या आईची, दृष्टी काचबिंदूने दहा वर्षांपूर्वी गेली. तरीही दर गुरुवारी त्या खराडीहून एकट्या बसने स्वारगेटला येत आणि तिथे बस बदलून धनकवडीला मैत्रिणीकडे, शालनताईंकडे, रमी खेळायला जात. शालनताईंनी सगळे पत्ते सुईने टोचून ठेवले होते. मथुराबाई ते बोटांनी वाचत आणि डोळस बायकांना सपाटून हरवत. विक्रमच्या जिवाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घोर. किती वेळा नको म्हणून सांगून झालं, पण आई ऐकत नव्हती. आणि गेल्या गुरुवारी बसमध्ये तिला पर्समध्ये पास सापडेना. सगळी पर्स मांडीवर उपसली, किल्ली खाली पडली, मागची माणसं ओरडायला लागली. ती घाबरून मधल्याच स्टॉपवर उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने विक्रमला फोन केला, मला घ्यायला ये म्हणून.

"आता स्वतःच म्हणतेय, नाही जाणार," विक्रम म्हणाला. "सुटलो बघा. काका, खरंच थँक्यू. तुमच्या कामामुळेच झालं हे."

श्रीधररावांनी फोन ठेवला. समोर ताटात भरलेली वांगी होती. भरलेल्या वांग्यांसमोर श्रीधरराव गप्प बसल्याचं लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. सुनीतीबाईंनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग सगळं काढून घेतलं आणि ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आंधळ्या बाईच्या हातातली काठी तुम्ही घासून घासून गुळगुळीत केलीत, आणि मुलगा आभार मानतोय."

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतंत?"

ते उठले. हत्यारांची पिशवी भरली. मग जुनं अस्तर शोधू लागले. कुठलीही चिंधी टाकायची नाही हा त्यांचा नियम आणि कुठल्याही चिंधीने ओटा पुसायचा हा सुनीतीबाईंचा. अस्तर मिक्सरच्या मागे सापडलं, हळदीचा डाग पडलेलं, पण भोकासकट शाबूत.

खराडीला जायला एवढा वेळ लागतो की माणूस दाढी करून निघाला तर पोचेपर्यंत पुन्हा करावी लागते. श्रीधरराव बेल वाजवून उभे राहिले तेव्हा दुपार कलली होती. विक्रम ऑफिसात होता. दार मथुराबाईंनीच उघडलं. बारीक चणीच्या, पांढरी वेणी, सुती साडी. श्रीधररावांनी नाव सांगितलं आणि माफी मागायला सुरुवात केली, पण ती त्यांना नीट जमेना. सवय नव्हती.

"आत या," त्या म्हणाल्या. "काम उत्तम केलंय तुम्ही. बोट कुठे अडकत नाही."

"तेच तर."

"तेच. माझं घर कोणीतरी आवरून ठेवलंय आणि आवरणारा निघून गेलाय, असं झालंय. मी विक्रमला म्हटलं नाही. बिचाऱ्याने हौसेने केलं. मलाही वाटलं, आपलंच वय झालं असेल, हातच चुकत असतील."

हे शेवटचं वाक्य श्रीधररावांना आरीसारखं लागलं. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पर्स ठेवली आणि मथुराबाईंचं बोट धरण्याची परवानगी मागितली. मग त्यांनी छत्तीस वर्षांत काढलं नव्हतं असं ड्रॉइंग काढलं. बोट फिरत होतं, त्या सांगत होत्या, ते खुणा करत होते. चटक्याचा खळगा इथे, म्हणजे पुढची बाजू कळते. सुटलेले तीन टाके इथे, त्याच्या आत पास. तळाला भोक, त्यात नाणी, कारण वर ठेवली तर गर्दीत सांडतात. पट्टा डाव्या बाजूला बोटभर लांब, म्हणजे पर्स कमरेशी तिरकी बसते आणि हात न शोधता आत जातो. बाहेरच्या माणसाला ती मोडकी पर्स वाटली असती, पण तिच्यावरची प्रत्येक खोट मथुराबाईंनी वापरून वापरून कामाला लावली होती.

मग दुरुस्ती सुरू झाली, म्हणजे मोडतोड. श्रीधररावांनी आरी घेऊन स्वतःचंच काम उसवायला घेतलं. तीन टाके काढले. मथुराबाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कडा फार स्वच्छ आहेत. जुन्यांना थोडे केस होते." श्रीधररावांनी दोऱ्याची टोकं विंचरली आणि जुनं अस्तर भोकासकट परत घातलं. चटक्यासाठी उदबत्ती आणली. पहिला खळगा उथळ झाला, दुसऱ्यांदा थोडा खोल, तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "हं." असे सलग तीन दिवस ते खराडीला गेले. पट्टा लांबवायला त्यांनी त्याला तांदळाची पाच किलोची पिशवी लटकवली. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण त्या तीन दिवसांत पर्सचा रंगसुद्धा लाजून थोडा उतरला.

तिसऱ्या दिवशी विक्रम लवकर घरी आला. नव्या पर्सची ही दशा बघून तो आधी श्रीधररावांवर आणि मग आईवर चिडला. जे संकट आपसूक टळलं होतं ते हे लोक टेबलाशी बसून पुन्हा शिवत होते. मथुराबाईंनी त्याला बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या, "विक्रम, तू घाबरतोस ते मला कळतं. पण त्या दिवशी मी उतरले ना, तेव्हा मला पहिल्यांदा आंधळं वाटलं. दहा वर्षांत वाटलं नव्हतं."

विक्रम खुर्ची ओढून बसला. मग त्याने या गुरुवारी एकदाच जाऊ द्यायचं कबूल केलं. काही गडबड झाली तर मात्र कायमचं बंद. मथुराबाईंनी मान डोलावली.

गुरुवारी सकाळी श्रीधरराव न्याहारी न करता खराडीला पोचले. मथुराबाई स्टॉपवर उभ्या होत्या. ते चार माणसं सोडून मागे उभे राहिले, श्वाससुद्धा हळू घेत. बस आली. बाई चढल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. ते दोन सीट मागे. बसमध्ये इतकी गर्दी होती की एका माणसाच्या खिशात दुसऱ्याचा हात होता आणि दोघांनाही आपलाच वाटत होता.

कंडक्टर आला. मथुराबाईंचा उजवा हात पर्सवर गेला, खळग्याशी क्षणभर थांबला, कडेवरून तीन टाक्यांपर्यंत सरकला आणि आत जाऊन पास घेऊन बाहेर आला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही. कंडक्टरने पास पाहून परत दिला. पण बाईंनी त्याला थांबवलं. बोटं तळाच्या भोकात गेली आणि नाणी घेऊन आली.

"मागे एक गृहस्थ बसलेत," त्या म्हणाल्या. "त्यांना एक स्वारगेट द्या. घाईत निघालेत, सुट्टे नसतील."

श्रीधररावांनी मान खाली घातली. तिकीट हातोहात मागे आलं. सुट्टे खरंच नव्हते.

स्वारगेटला दोघं उतरले. मथुराबाई थांबल्या. "तुमच्या अंगाला चामड्याच्या तेलाचा वास येतो," त्या म्हणाल्या. "अर्ध्या बसला कळलं असेल."

श्रीधरराव खाकरले. पुण्यात सत्तरी गाठलेला हा माणूस. आभार मानायची वेळ आली की ते पुढच्या भेटीवर ढकलायचे, असंच त्यांचं आजवर चालत आलं होतं. "मथुराबाई," ते म्हणाले, "आभारी आहे."

"तिकिटाबद्दल?"

"नाही."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि धनकवडीच्या बसमध्ये चढल्या. खिडकीशी त्यांचा हात पुन्हा पर्सकडे गेलेला दिसला, आणि बस सुटली.

श्रीधरराव हात वर करून निरोप देत राहिले, मथुराबाईंना दिसणार नाही हे विसरून. त्या हाताकडे बघून एक रिक्षा समोर येऊन थांबली. श्रीधररावांनी भीतभीत सहकारनगर म्हटलं, आणि रिक्षावाला काहीही कुरकुर न करता, मीटर टाकून, "बसा" म्हणाला. पर्स, मांजर, कबुतर, सगळ्यावर सुनीतीबाईंचा विश्वास बसतो. या एका गोष्टीवर मात्र अजून बसलेला नाही.